घोड्याचं होस्टेल कसं हवं?

भाचीची दहावी झाली आणि तिने बापाकडे घोडा मागितला. स्कूटी नाही, मोबाइल नाही, चक्क घोडा! तीन वर्षं ती घोड्यावर बसायला शिकतेय आणि तिचा हात हलका आहे, असं शिकवणारे सर सांगतात. माझा भाऊही असा, की लेकीने मागायचा अवकाश. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठीच प्रसिद्ध. तिथे घोड्याचा रंग बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ हे बोट ठेवून तपासतात. वहिनी मात्र एवढंच म्हणाली, "आणाल हो, पण ठेवणार कुठे?"

बरोबरच आहे तिचं. पूर्वी वाड्याला पागा असायची, आता घरापुढे दोन गाड्या लावायची मारामार.

पुण्या-मुंबईकडे यावर उपाय असतो. घोडा तुमचा, पण राहतो दुसऱ्याच्या तबेल्यात. महिन्याचे पैसे भरायचे. दाणापाणी, खरारा, औषधपाणी तिथली माणसं बघतात. थोडक्यात, घोड्याचं होस्टेल. आमच्या भागातही एक-दोन ठिकाणी अशी सोय झालीय म्हणून भावाने मला बरोबर घेतलं. "ताई, तू बघ. मला काय, सगळंच छान वाटतं," असं स्वतःच म्हणाला.

पहिल्या ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही. कमान मोठी, पुढच्या पायांवर उधळलेल्या घोड्याचा पुतळा, हिरवळ, बसायला छत्र्या, फोटो काढायला खास जागा. मागे गेलो तर पत्र्याच्या शेडमध्ये अकरा घोडे अगाडी-पिछाडी बांधून ओळीने उभे. लिदीचा नाही, मुताचा उग्र वास, डोळ्यांत पाणी यावं असा. एक तांबडा घोडा जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे झुलत होता, सारखा. भाची म्हणाली, "आत्या, नाचतोय बघ." तो नाचत नव्हता. एका जागी डांबलेला घोडा असं करायला लागतो, आणि एकदा ती सवय लागली की सहसा जात नाही. आम्ही चहा न घेताच निघालो.

त्यानंतर मी वाचायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, लग्नाच्या वरातीचे घोडे पाळणाऱ्या एका बाईंना विचारलं, आणि मनाशी एक तबेला रचत गेले. गंमत म्हणजे पुतळा त्यात कुठे बसेचना. मुलीला होस्टेलला घालताना आपण गेटचा रंग बघत नाही, संडास-बाथरूम आणि खानावळ बघतो, तसंच हे.

आधी झोपायची जागा. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे आपण ऐकलेलं असतं. पण गाढ झोपेसाठी त्यालाही रोज थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. खाली ओलं असेल, जागा अपुरी असेल किंवा शेजारच्या जनावराची भीती असेल, तर तो आडवाच होत नाही. असे दिवसामागून दिवस गेले की उभ्याउभ्या गुडघ्यात मोडून पडतो. म्हणून एका घोड्याला बारा फूट बाय बारा फुटांची खोली हवी, म्हणजे आपल्याकडची बेडरूम म्हणा ना. आत दोर नको. खाली भाताचा पेंढा नाहीतर लाकडाचा भुसा, चांगला जाड. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. ती रोज उचलायची, ओला भुसा काढून कोरडा घालायचा. हे टाळलं की खुराच्या तळव्याला कुजका रोग लागतो आणि तो वास छातीत जातो. पत्रा असेल तर उंच हवा आणि वरच्या बाजूला वारा जायला मोकळी जागा हवी. थंडीत घोड्याला ऊब मिळावी म्हणून खिडक्या बंद करणारे मालक दिसतात, त्यांच्या मायेत खोट नाही, पण घोडा थंडी आपल्यापेक्षा बरी सोसतो. कोंदट हवा त्याला सोसत नाही. मला विचाराल तर तबेल्याची परीक्षा पहाटे दार उघडताना घ्यावी. नाकाला रुमाल लावावा लागला तर परत फिरावं.

आता खानावळ. इथेच सगळी गोम आहे. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं. मोकळा सोडला तर दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास तो थोडं थोडं चरत राहतो. आणि त्याला उलटी करता येत नाही! चुकीचं काही पोटात गेलं की बाहेर यायला वाट नाही, मग पोटशूळ उठतो. त्यात घोडा बघता बघता दगावू शकतो. म्हणून दोन वेळा घमेलंभर चंदी ओतून मोकळं होणारा तबेला कितीही चकचकीत असला तरी बाद. हरभरा, जव, कोंडा हे वरचं खाणं, कामाच्या मानाने आणि थोडं थोडं. पोट भरायचं ते गवताने, वाळल्या चाऱ्याने. चंदी जास्त झाली तर पोटच नाही, खुरांच्या आतला भागही सुजतो आणि घोडा कायमचा अधू होऊ शकतो. लाडाने जास्त वाढणारी आजी घोड्याच्याही वाट्याला येऊ नये!

गव्हाण खाली हवी, मान झुकवून खाता येईल अशी. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस जुन्यात नवा मिसळत न्यायचा. ही मापं माहीत असलेला माणूस तिथे आहे का, हे भावाने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं घोडा किती वेगाने पळेल ते.

हिशेब आपण बायकांनी करावा. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो वाळका चारा धरा. महिन्याचा झाला दोनशे चाळीस किलो. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे जवळजवळ एक टन, तोही एका घोड्याचा. वीस घोडे असले तर वीस टन. हा चारा मेअखेर कोरड्या जागी रचलेला दिसला पाहिजे. "लागेल तसा आणतो" हे उत्तर मला चालणार नाही. जुलैत भिजलेला, बुरशी आलेला चारा घोड्याला घातला की काय होतं ते डॉक्टरांकडून ऐकलंय.

आणि हे मी आज नव्याने सांगत नाहीये. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने आपण ते ऐकलेलं असतं. पण नीट वाचलं तर ते तबेल्याच्या कारभाराचं पत्र आहे. दाणा-गवत जपून वापरा, आताच मनमानी करून संपवलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. चारा संपला की तुमची माणसं रयतेला त्रास द्यायला लागतील. त्यापुढचा भाग तर मला घरातल्या मोठ्या बाईने सांगावा तसा वाटतो: कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, मग गवताची गंज जळेल. एवढा मोठा राजा, उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत विचार करत होता!

तिकडे इंग्लंडमध्ये ॲना सेवेल नावाच्या बाईने 'ब्लॅक ब्यूटी' ही घोड्याच्या तोंडून सांगितलेली गोष्ट लिहिली. १८७७ साली ती छापून आली. लहानपणी पाय दुखावल्यामुळे या बाईंना नीट चालता येत नसे, घोडागाडीवाचून त्यांचं अडायचं. त्या पुस्तकातही एका तबेल्याला आग लागते आणि कारण काय, तर पाइप ओढत आत आलेला माणूस. म्हणून माझ्या तबेल्यात चाऱ्याची गंज घोड्यांपासून लांब. वायरी लोंबकळत्या नकोत, नळीतून नेलेल्या हव्यात. आणि रात्री आग लागली तर प्रत्येक दार बाहेरून एका हाताने उघडलं पाहिजे. कुलूप फाटकाला लावा, घोड्याच्या खोलीला नको.

घोडा कळपातलं जनावर. एकटा ठेवला तर झुरतो, लाकूड चावत बसतो. खोलीच्या भिंती निम्म्या उंचीच्या असाव्यात, म्हणजे शेजारी दिसतो. आणि रोज काही तास दोघा-तिघांना बरोबर मोकळं सोडायला कुंपण घातलेलं मैदान हवंच, काटेरी तार न लावलेलं. यात तडजोड नाही. खोल्या कमी चालतील, मैदान नसेल तर ते होस्टेल नव्हे, तुरुंग. कुंपणाला शोभेची म्हणून कण्हेर लावलेली मी एका ठिकाणी पाहिली. आपल्या अंगणात देवाच्या फुलांसाठी असते तीच. तिची थोडी पानंसुद्धा घोड्याचा जीव घेऊ शकतात, वाळलेली असली तरी. एरंडाच्या बिया तशाच. कोवळी हिरवी ज्वारी जनावराला काय करते हे तर शेतकरी घरातल्या बाईला सांगायलाच नको. कडूनिंबाची सावली असावी, आणि पाणी दिवसभर समोर. घोड्याला दिवसाकाठी पंचवीस ते चाळीस लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. तेव्हा विहीर कुणाची, टाकी केवढी, हे आधी विचारायचं.

एवढं सगळं झालं तरी तबेला चालवतो तो मोतद्दार. आम्ही गेलो तिथे अकरा घोड्यांना दीड माणूस होता. एक माणूस आणि त्याचा शाळा सोडलेला मुलगा. त्यांची झोपायची जागा चाऱ्याच्या खोलीत! शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, ते बारगीर आणि त्यांची व्यवस्था वेगळी. आज चार-पाच घोड्यांमागे एक माणूस असावा असं मला वाटतं, आणि त्याला पगार वेळेवर, राहायला पक्की खोली, धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्यालाही ते हवंच, धनुर्वात घोड्याला फार पटकन होतो. मोतद्दाराची बायको तिथे राहत असेल तर तिच्याशी बोला. कुठला घोडा काल जेवला नाही, कुठला रात्री खुर आपटत होता, हे तिला मालकाआधी ठाऊक असतं. वरातीचे घोडे पाळणाऱ्या त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, घोडा आजारी पडायच्या आदल्या दिवशी गप्प होतो. ते कळायला रोज बघणारं माणूस लागतं." नालबंद दर सहा आठवड्यांनी यावा, नाल नसली तरी खूर नखासारखे वाढतातच.

नवा घोडा आणला की पहिले दोन-तीन आठवडे तो वेगळा ठेवायचा, त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा. यात्रेतून आणलेल्या घोड्याला तर हे हवंच. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. त्याला लस नाही आणि तो निघाला तर कायद्याने घोडा मारावा लागतो. आणण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. "आमच्याकडे नाही तसलं काही," म्हणणाऱ्या तबेलेवाल्याकडे तर नक्की करा.

राहिला पैसा. महिन्याचं भाडं भाऊ देईल, त्याला ऊस आहे. पण घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. भाची आज सोळाची. बारावी होईल, पुण्याला शिकायला जाईल, नोकरी, लग्न... घोडा मात्र तिथेच उभा. करारावर सही करण्याआधी मी भावाला तीन ओळी घालून घ्यायला सांगितल्यात. पैसे थकले तर तबेलेवाला घोडा परस्पर विकणार नाही, आधी कळवेल. पोटशूळ उठला आणि फोन लागला नाही तर डॉक्टर लगेच बोलवेल, बिल आम्ही देऊ. आणि मालकाला न विचारता घोडा वरातीला पाठवणार नाही. तिसरी ओळ वाचून एका तबेलेवाल्याचा चेहरा पडला, तिथे आम्ही थांबलोच नाही.

चौथी ओळ वहिनीने घातली, म्हाताऱ्या घोड्याची. त्याचे दात झिजतात, गवत चावता येत नाही. मग चारा बारीक करून भिजवून द्यावा लागतो, दिवसातून चार-पाच वेळा, आणि तो संपवायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. त्यासाठी वेगळी गव्हाण, आणि दुसऱ्या घोड्याने हुसकावू नये म्हणून जवळ बसणारं माणूस. त्याचे पैसे वेगळे आकारा, पण जागा आहे का ते आत्ताच सांगा, असं ती म्हणते. पाच ठिकाणी विचारून झालं, अजून एकानेही हो म्हटलेलं नाही. सहावा शेतकरी आहे, त्याच्याकडे मैदान आहे, विहीर आहे, शेड अजून बांधायचीय. आम्ही बारा बाय बाराचं माप त्याला लिहून दिलंय.