हिशेबाची पेटी सुरू होत नाही तेव्हा

व्यापारात भांडवल बुडाले तर ते पुन्हा उभे करता येते, पण हिशेब बुडाला तर माणसाची पत बुडते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आला आहे, आणि कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत हीच आहे. आपल्या वाडवडिलांनी हा हुकूम लाल कापडी वहीत पाळला. आज तोच हिशेब अनेकांच्या घरी कोपऱ्यातल्या एका छोट्या पेटीत असतो. आत दोन हार्ड डिस्क असतात आणि दुकानाचा संगणक व घरचे मोबाईल तिला जोडलेले असतात. तिला होम सर्व्हर किंवा नॅस म्हणतात. वही उघडली की वाचता येते. पेटीचे तसे नाही, ती एखाद्या दिवशी उठतच नाही.

साकोली तालुक्यातील आमच्या एकोडीत गेल्या रमजानमध्ये हा प्रसंग माझ्यावर आला. सेहरीच्या वेळी वीज दोन-तीनदा गेली आणि आली. फजरनंतर पाहतो तर पेटीचा दिवा क्षणभर लागतो, डिस्क फिरू लागल्याचा आवाज येतो आणि लगेच सगळे गप्प. पेटीत दुकानाची उधारी, जीएसटीची बिले आणि मोहाडी-आंधळगावकडच्या टसर विणणाऱ्या कारागिरांचे देणे होते. ईद दहा दिवसांवर आली होती.

त्याच सकाळी एक वृद्ध विणकर दारात आले. म्हणाले, “शेठजी, माझ्या ध्यानात बेचाळीसशे निघतात. तुमच्या हिशेबात किती आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. “बाबा, संध्याकाळपर्यंत थांबा,” एवढेच म्हणालो.

एका दुरुस्तीवाल्याने फोनवर सल्ला दिला, “रीसेट मारा, नव्याने सेट करा.” घरच्या मुलाने डिस्क काढून लॅपटॉपला लावली, तर पडद्यावर प्रश्न आला की डिस्क फॉरमॅट करायची का? त्याचे बोट बटणावर होते. मी हात धरला.

व्यापारी बंधूंनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. पेटी बंद पडली म्हणजे हिशेब गेला असे नव्हे. दुकानाचे कुलूप अडकले म्हणून आतला माल जळत नाही. माल जातो तो कुलूप तोडण्याच्या घाईत. या पेट्या बहुधा ईएक्सटी-४ किंवा बीटीआरएफएस नावाच्या पद्धतीने डिस्कवर लिहितात. विंडोजला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून ते भरलेल्या डिस्कला कोरी समजते आणि फॉरमॅट विचारते. अशा वेळी उत्तर एकच, नाही.

आधी वीज तपासा

प्रथम पेटी बंद करून प्लग काढावा. डिस्कवर पेनाने १ आणि २ असे क्रमांक टाकूनच त्या बाहेर काढाव्यात, कारण परत लावताना क्रम तोच असावा लागतो. मग रिकामी पेटी सुरू करून पाहावी. दिवा टिकला तर मदरबोर्ड बहुधा जिवंत आहे. डिस्क लावताच पेटी मरत असेल तर संशय अडॅप्टरवर घ्यावा.

आमचे नेमके तसेच निघाले. मल्टिमीटर अडॅप्टरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवत होता, म्हणून आम्ही आधी त्याला निर्दोष ठरवले होते. पण मोठी डिस्क सुरू होताना काही क्षण सुमारे २ अँपिअर ओढते. दोन डिस्कचा हा भार आला की थकलेला अडॅप्टर बसतो. रिकाम्या हाताने ताठ उभा राहणारा हमाल गठ्ठा उचलताच कोसळावा, तसे. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा अडॅप्टर लावण्याचा मोह होतो. तोही १२ व्होल्टचाच असतो, पण बहुधा २ अँपिअरचा, त्यामुळे तो पुरत नाही. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिनेची धन-ऋण बाजू तीच, ही तिन्ही लेबलावर पाहूनच अडॅप्टर घ्यावा.

दोष दुसरीकडे असेल तर

जुन्या संगणकाचा सर्व्हर बनवला असेल तर त्याला पडदा जोडून तो काय लिहितो ते वाचावे. रॅम काढून तिचे पाय खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत. तारीख मागे गेली असेल तर ३ व्होल्टचा बटण-सेल बदलावा, त्याने सेटिंगही बिघडते. काही सर्व्हरची मूळ प्रणाली पेनड्राइव्हवर असते. तो झिजला तर डिस्क शाबूत असूनही सर्व्हर उठत नाही.

कधी मदरबोर्डच जातो. इंटेलच्या अ‍ॅटम सी-२००० जातीच्या प्रोसेसरमधील दोष २०१७ मध्ये उघड झाला. त्याने अशी यंत्रे सुरू होणेच बंद होऊ शकते, पण डिस्कवरचा मजकूर तसाच राहतो. अशा वेळी जाणकाराकडून डिस्क त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या पेटीत क्रमाने लावून किंवा लिनक्स संगणकावर उघडून घ्याव्यात. पडद्यावर ‘नवीन स्थापना’ आली तर तेथेच थांबावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये, तज्ज्ञाकडे द्यावी.

जोडी म्हणजे नक्कल नव्हे

पेटीत दोन डिस्क आहेत म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळते हे खरे. पण चुकून पुसलेले बिल दोन्हीवरून एकदमच पुसले जाते, आणि वीज कडाडली तर दोन्ही जळू शकतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती एकाच पाण्यात गेल्या असत्या. म्हणून दर आठवड्याला एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क काढून दुसऱ्या घरी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तिच्यातले एखादे बिल उघडून पाहावे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, त्यात ‘पेटी उठत नाही’ ही सबब चालत नाही.

साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्याने पेटी दचकते. लहान यूपीएस लावावा. त्याची तार पेटीला जोडली तर वीज गेल्यावर पेटी स्वतः व्यवस्थित बंद होते.

असरच्या सुमारास साकोलीहून नवा अडॅप्टर आला आणि पेटी उठली. बाबांचे खाते उघडले. निघत होते सत्तावन्नशे. एका गठ्ठ्याचे पंधराशे ते विसरले होते. सकाळी त्यांच्या शब्दावर बेचाळीसशे मोजून दिले असते तर ते दुआ देऊन गेले असते आणि मी नकळत त्यांचा हक्क खाल्ला असता. पेटी आपली असली तरी तिच्यातला हिशेब लोकांची अमानत आहे. ती जपण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.