टाके तीन, विश्रांती सहा आठवडे

दुर्बिणीतून गर्भपिशवी काढलेली सून दोन-तीन दिवसांत घरी येते. तब्येत विचारायला सदर बाजारातून, राजारामपुरीतून नातेवाईक येतात. पोटावरच्या तीन-चार छोट्या पट्ट्या पाहून खाला म्हणतात, "बस, एवढंच? आमच्या वेळी वीतभर चीर असायची!" आठवडा उलटत नाही तोच ती सकाळच्या नळाला घागर घेऊन उभी राहते. तिला कुणी काम सांगितलेले नसते. जखम दिसतच नाही, मग पडून कसे राहायचे, याचाच तिला संकोच वाटतो.

चूक इथेच होते. बाहेरची छिद्रे अर्धा ते एक सेंटिमीटरची असतात. आत मात्र गर्भाशय पूर्ण सोडवून काढलेले असते आणि योनिमार्गाचे वरचे टोक टाके घालून बंद केलेले असते. अमेरिकेत डॉ. हॅरी राइक यांनी १९८८ मध्ये अशा प्रकारे दुर्बिणीतून गर्भाशय काढले. तेव्हापासून पोटावरची चीर लहान झाली, पण आतले टाके भरायला सहा ते आठ आठवडे लागतातच. फक्त अंडाशयाची गाठ काढली असेल, तर बहुधा दोन आठवड्यांत बाई सावरते. म्हणून आपले नेमके काय काढले, हे सुट्टी मिळताना डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पहिले दिवस

ऑपरेशनच्या वेळी पोटात वायू भरलेला असतो. त्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो, त्याला घाबरू नये. थोडे लालसर किंवा तपकिरी जाणेही काही दिवस चालते. त्यासाठी पॅड वापरावे, आत काही ठेवू नये.

विश्रांती म्हणजे दिवसभर गादीवर पडून राहणे नव्हे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घरातल्या घरात दर थोड्या वेळाने चालावे. उठताना आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी. मात्र पाच लिटरच्या तेलाच्या डब्यापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नये. भरलेली घागर, गॅसची टाकी, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचे मूल, सगळे यात आले.

भात किंवा दही खाल्ले तर जखमेत पू होतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. त्याला आधार नाही. डाळ-भात, अंडी, कमी तिखटाचा शोरबा, पालेभाजी, फळे आणि भरपूर पाणी द्यावे. तांबड्या रश्श्याची घाई नको. बद्धकोष्ठ झाले की जोर लावावा लागतो आणि आतल्या टाक्यांवर ताण येतो.

इबादत आणि घरच्यांची जबाबदारी

आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढण्याची मुभा हदीसमध्ये आहे. आजारपणात सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. ऑपरेशननंतरचे रक्त, वजू, गुसल याबद्दल शंका असेल तर लाजू नये. आपल्या आलिमांना किंवा आलिमा बाजींना मसला विचारावा.

शौहरसाठीही दोन गोष्टी. डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, शरीरसंबंध टाळायचे असतात. घाई केली तर आतले टाके उसवू शकतात आणि जिवावर बेतू शकते. ही गोष्ट बायकोने कळवळून सांगायची वेळ येऊ नये. दुसरे असे की, प्यारे नबी (स.) घरकामात घरच्यांना हात लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. सहा आठवडे घागर उचलणे ही त्याच सुन्नतची संधी आहे.

ताबडतोब दवाखाना

१००.४ अंशांवर ताप, पॅड भराभर भिजवणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, वाढत जाणारी पोटदुखी किंवा उलट्या, लघवी अडणे किंवा नकळत गळणे, एका पायाला सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा. ते भेटले नाहीत तर सीपीआरचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो.

काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल आठवणीने घ्यावा आणि फेरतपासणी चुकवू नये. अंडाशयेही काढली असतील तर अंगातून वाफा येणे, झोप उडणे, चिडचिड होणे सुरू होऊ शकते. तो तिचा स्वभाव बदलला असे समजू नये, डॉक्टरांना सांगावे.

आणि पुढच्या वेळी कुणी "बस, एवढंच?" म्हणाले, तर सासूबाईंनीच उत्तर द्यावे, "टाके आत आहेत, बाई. तिला पडू दे."