पाकिटातील शोधक टॅग : कार्यपद्धती व मर्यादा
(डहाणू व तलासरी तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : कार्ड टॅग, ब्ल्यूटूथ, ओळखपत्रे, आदिवासी स्थलांतर, खासगीपणा

प्रस्तावना

कमरेचा कसा, कडोसरीला खोचलेली चंची, पदराच्या गाठीत बांधलेली नाणी ही पैसा जपण्याची जुनी साधने अंगाला बांधलेली असत. पाकीट मात्र बांधले जात नाही, नुसते ठेवले जाते. ते हरवण्याचे मूळ या साध्या फरकात आहे. पूर्वी पाकीट हरवले म्हणजे पैसे गेले, असे मानून माणूस गप्प बसत असे. आज पाकिटातील नोटा ही त्यातील सर्वांत कमी मोलाची वस्तू ठरू लागली आहे. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे कार्ड, वाहन परवाना, कारखान्याचे ओळखपत्र, रेल्वेचा पास हे सारे एकाच कातडी घडीत कोंबलेले असते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. त्यानंतरच्या काळात आदिवासी कुटुंबाचे धान्य, शिष्यवृत्ती आणि बँक खाते या क्रमांकाशी जोडले गेले. साहजिकच, पाकीट हरवल्यावर बुडणाऱ्या दिवसांच्या मजुरीचा हिशेब पाकिटातील रकमेहून मोठा निघतो.

अशा पाकिटात ठेवण्यासाठी बँकेच्या कार्डाच्या आकाराचा, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा पातळ टॅग अलीकडे बाजारात मिळू लागला आहे. पाकीट कोठे आहे हे तो मोबाईलवर दाखवतो, असे त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे. टॅगला स्वतःचा ठावठिकाणा ठाऊक नसतो, तो त्याला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून उसना घ्यावा लागतो. त्यामुळे टॅग उपयोगी पडेल की नाही, हे टॅगच्या गुणवत्तेइतकेच तो जेथे हरवला त्या जागेवर अवलंबून असते. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

टॅगची रचना

बँकेच्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ८५.६० मिलिमीटर लांबी, ५३.९८ मिलिमीटर रुंदी आणि ०.७६ मिलिमीटर जाडी असे आहे. कार्ड टॅगची लांबी-रुंदी जवळपास तेवढीच, पण जाडी साधारणतः दीड ते अडीच मिलिमीटर असते. एवढ्या जागेत एक रेडिओ चिप, एक अँटेना, एक चपटा ध्वनिक्षेपक आणि लिथियम-पॉलिमर प्रकारचा पातळ विद्युतघट बसवलेला असतो. चार्ज करण्यासाठी त्यात तारेचे एक सपाट वेटोळेही असते. चार्जरच्या वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे टॅगच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

घट एवढा लहान असूनही तो महिनोन्महिने टिकतो, याचे कारण टॅग बहुतेक वेळ निद्रिस्त असतो. दर काही सेकंदांनी तो क्षणभर जागा होऊन एक छोटा संकेत सोडतो आणि पुन्हा झोपी जातो. अल्प ऊर्जेवर चालणाऱ्या या ब्ल्यूटूथ पद्धतीचे प्रमाण २०१० मध्ये निश्चित झाले. उदाहरणादाखल, सरासरी वापर १५ मायक्रोॲम्पिअर आणि घटाची क्षमता १०० मिलिॲम्पिअर-तास धरली, तर तो सुमारे ६,६६० तास, म्हणजे नऊ महिने पुरतो. प्रत्यक्षात उष्णता आणि घटाचे वय यांमुळे हा काळ घटतो. मागच्या खिशात पाकीट ठेवून त्यावर बसण्याची सवय ही अशा पातळ घटाची मोठी शत्रू होय. वाकल्याने घट फुगू शकतो. चार्ज करताना टॅग पाकिटातून बाहेर काढणे इष्ट, कारण चार्जर आणि टॅग यांच्यामध्ये आलेले नाणे किंवा धातूची पट्टी तापते.

ठावठिकाणा कसा कळतो

ब्ल्यूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि मानवी शरीर बहुतांशी पाणीच आहे. त्यामुळे मोकळ्या जागी काही दशक मीटर पोहोचणारा संकेत खिशातून, गर्दीतून किंवा पावसाने भिजलेल्या चिकूच्या दाट वाडीतून बराच क्षीण होतो. घरात पाकीट सापडत नसेल, तर मालकाचा फोन टॅगला थेट हाक मारतो आणि टॅग वाजतो. एवढ्यावरच काम भागते.

पाकीट दूर राहिले की खरी गंमत सुरू होते. टॅगचा संकेत जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या स्मार्टफोनला ऐकू येतो. तो फोन स्वतःच्या उपग्रहाधारित स्थानाची नोंद घेतो, टॅगने प्रसारित केलेल्या सार्वजनिक किल्लीने ती कुलूपबंद करतो आणि इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. कुलूप उघडण्याची खासगी किल्ली फक्त मालकाकडे असते. मधल्या कंपनीला स्थान वाचता येत नाही, आणि ज्याच्या फोनने हे काम केले त्याला त्याची वार्ताही नसते. टॅग आपली सार्वजनिक ओळख ठरावीक काळाने बदलत राहतो, जेणेकरून तिसऱ्या कोणाला त्याचा माग काढता येऊ नये.

ॲपल कंपनीचे असे जाळे २०१९ पासून आहे. नाण्याच्या आकाराचा तिचा टॅग २०२१ मध्ये आला. गुगलचे अँड्रॉइड फोनांचे जाळे २०२४ मध्ये सुरू झाले. ही दोन जाळी परस्परांसाठी काम करीत नाहीत. भारतात वापरातील दर दहा स्मार्टफोनांपैकी नऊहून अधिक अँड्रॉइड आहेत, तेव्हा ग्रामीण भागात गुगलच्या जाळ्याचा टॅग अधिक उपयोगी ठरेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे एक मेख आहे. खासगीपणाच्या रक्षणासाठी या जाळ्यात सुरुवातीपासून अशी योजना ठेवण्यात आली की, वापरकर्त्याने स्वतः बदल केला नाही तर त्याचा फोन फक्त वर्दळीच्या ठिकाणांपुरता सहभागी होतो. म्हणजे एकाच टॅगची नोंद अनेक फोनांनी घेतली तरच स्थान पुढे कळवले जाते. ‘सर्व ठिकाणी’ हा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, आणि तो निवडणारे लोक थोडेच असणार. शहरासाठी हा नियम निरुपद्रवी आहे. विरळ वस्तीसाठी तो जवळजवळ नकारच ठरतो.

रेल्वे, महामार्ग आणि पाडा

चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरवरील डहाणू रोड स्थानकापर्यंत उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ पासून धावू लागल्या. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, पालघरला, रोज जाणाऱ्यांचे पाकीट डब्यात पडले, तर टॅग आपले काम चोख करील. डब्यातील प्रवाशांचे फोनच त्याच्यासोबत प्रवास करीत असतात. चैत्र पौर्णिमेपासून चारोटीजवळ विवळवेढे येथे भरणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेतही गर्दी हीच टॅगची ताकद ठरते. मात्र त्याच गर्दीत खिसा कापणाऱ्याला टॅग हाताला लागला, तर तो प्रथम फेकला जाणार हेही उघड आहे. टॅग वस्तू शोधतो, चोर नव्हे.

तलासरीचे चित्र निराळे आहे. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. मुंबई–अहमदाबाद महामार्ग तालुक्यातून जातो आणि उंबरगाव, वापी येथील कारखान्यांत येथील अनेक जण कामाला जातात. महामार्गावरच्या थांब्यावर पडलेले पाकीट तासाभरात नकाशावर दिसू शकेल. तेच पाकीट आतल्या पाड्याच्या पायवाटेवर पडले, तर दिवसाकाठी तेथून जाणाऱ्या मोजक्या माणसांपैकी कोणाकडे स्मार्टफोन आहे, त्याचे ब्ल्यूटूथ सुरू आहे काय, त्याला रेंज आहे काय, अशा अनेक अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. साधा कळफलकाचा फोन या जाळ्यात मोजलाच जात नाही. किमतीचाही विचार करावा लागतो. २०२५-२६ साली रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर प्रतिदिन ३१२ रुपये होता. दीड हजार रुपयांचा टॅग म्हणजे जवळजवळ पाच दिवसांची मजुरी. ज्याला हरवलेल्या कागदांची झळ सर्वाधिक बसते, त्याच्याच वाटेवर टॅग सर्वांत दुबळा आहे.

समुद्रावरील पाकीट

या परिसरातील आणखी एक स्थलांतर समुद्रावर होते. डहाणू-तलासरीतील अनेक आदिवासी तरुण हंगामात गुजरातमधील बंदरांवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमेपलीकडे गेल्याच्या आरोपावरून अशा काही खलाशांना पाकिस्तानात कैद भोगावी लागली आहे. कैद्याचे राष्ट्रीयत्व सिद्ध झाल्याखेरीज सुटकेचा मार्ग खुला होत नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. ओळखीच्या कागदांचे मोल येथे कोणत्याही हिशेबापलीकडचे असते.

परंतु किनाऱ्यापासून दूर टॅगला ऐकणारे कोणी नसते. नावेवरील फोन जवळ असला तरी त्याला इंटरनेट नसते. समुद्रासाठी वेगळेच साधन लागते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या वेळी पालघर येथे मासेमारी नौकांसाठीच्या ट्रान्सपॉन्डर योजनेचा प्रारंभ करण्यात आला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख नौकांवर ही यंत्रे टप्प्याटप्प्याने बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. ट्रान्सपॉन्डर आपले स्थान उपग्रहांवरून स्वतः ठरवतो आणि उपग्रहामार्फतच कळवतो. म्हणूनच तो मोठा व महाग असतो आणि त्याला नौकेवरची वीज लागते. पाकिटातला टॅग स्वस्त व पातळ होऊ शकला, तो हे काम त्याने दुसऱ्यांवर सोपवल्यामुळे.

दुरुपयोगाचा प्रश्न

स्वतःच्या पाकिटात ठेवलेला टॅग दुसऱ्याच्या पिशवीतही सरकवता येतो. पातळपणा हा गुण येथे दोष बनतो. पाळतीच्या तक्रारी वाढल्यावर ॲपल आणि गुगल यांनी मे २०२४ मध्ये समान संरक्षण-पद्धती लागू केली. अनोळखी टॅग सोबत फिरत असेल, तर फोनवर सूचना येते. सूचना मिळते ती स्मार्टफोनवर; साधा फोन वापरणारी मुलगी किंवा महिला या संरक्षणाबाहेर राहते. मालकापासून दूर गेलेला टॅग काही तासांनी आपण होऊन वाजतो हे खरे, पण कार्ड टॅगचा आवाज मुळातच बारीक आणि पिशवीच्या तळाशी दबलेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीचा पाठलाग करणे गुन्हा आहे. वसतिगृहे असलेल्या महाविद्यालयांनी ही माहिती विद्यार्थिनींना टॅगच्या जाहिरातीपूर्वी दिली पाहिजे.

हरवल्यानंतर

टॅग नकाशावर जो ठिपका दाखवतो तो शेवटच्या नोंदीचा असतो, आत्ताचा असेलच असे नाही. म्हणून ठिपक्यासोबतची वेळ प्रथम पाहावी. अनोळखी घर दिसल्यास स्वतः तेथे जाण्याऐवजी पोलिसांकडे ती नोंद द्यावी. बँकेचे कार्ड बंद करणे मात्र ठिपक्याची वाट न पाहता उरकावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये कागद आधीच ठेवलेले असतील, तर हरवण्याची धार बरीच बोथट होते. वाहन परवाना तेथून दाखवला तरी ग्राह्य धरावा, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१८ मध्ये राज्यांना कळवले आहे. पण डिजिलॉकर उघडण्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू लागतो. कामासाठी दर हंगामाला गाव बदलणाऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी नवे सिमकार्ड घेणाऱ्या मजुराचा जुना क्रमांक बहुधा बंद पडलेला असतो. टॅग विकत घेण्याच्या आधी करण्याजोगे काम ते हेच : जवळच्या आधार केंद्रावर जाऊन क्रमांक अद्ययावत करून घेणे.