गच्चीवरची बाग – भाग ४ : कुंडीत भरायचे काय?

गेल्या आठवड्यात गच्चीवर ऊन कुठे आणि किती वेळ राहते ते पाहिले. जागा ठरली, कुंड्या आल्या. आता त्या भरायच्या. बहुतेक बागा इथेच बिघडतात. ‘माझ्या हातून काही जगतच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या कुंड्या मी उकरून पाहते, तेव्हा आत बहुधा शेतातली किंवा अंगणातली नुसती माती घट्ट बसलेली असते.

तीच माती शेतात उत्तम असते, कारण तिच्याखाली आणखी माती असते. पाणी खाली ओढले जाते, गांडुळांनी आणि जुन्या मुळांनी वाटा करून ठेवलेल्या असतात. कुंडीत मात्र वीत-दीड वीत खाली तळ लागतो आणि पाणी तिथे अडते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्याच राहिल्या, की मुळे गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड माना टाकते. आपण समजतो ते तहानले आहे आणि आणखी एक तांब्या ओततो.

भांडी घासायचा नवा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. ठिबकणे पूर्ण थांबले की तोच स्पंज हलकेच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागते! स्पंजाची बारीक छिद्रे तळाशी ठरावीक उंचीपर्यंतच पाणी धरून ठेवू शकतात. आडव्या स्पंजाची बरीचशी जाडी त्या उंचीतच संपते. उभ्या स्पंजात वरचा भाग मोकळा होतो. कुंडीतही हेच घडते. मिश्रण तेच असेल तर तळाचा ओला थर उथळ ट्रेमध्ये आणि खोल कुंडीत सारख्याच जाडीचा असतो. म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या उथळ ट्रेसाठी मिश्रण अधिक भरड हवे. टोमॅटो-वांग्याला निदान फूटभर खोली द्यावी.

तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगेन. बारीक मातीतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती चिंब झाल्यावरच ते खाली झिरपते. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, उलट खडीच्या जाडीइतका वर, मुळांजवळ सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे.

देशावरच्या काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकले तर मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो, बोट जाईल एवढी फट पडते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून बाहेर येते. बशी भरते, पाणी पोचले असे वाटते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. नुसती काळी माती कुंडीत भरूच नये.

माझे नेहमीचे प्रमाण असे: एक भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांत पिळून घ्यावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यासाठी कोकोपीट कमी करून भाताचे तूस किंवा विटांचा जाडसर चुरा घालावा. माती याहूनही कमी चालते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. पुढे प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा यांवर बाग फुलवली.

हलक्या मिश्रणाचा आग्रह इमारतीसाठीही आहे. एक चौरस मीटर जागेत फूटभर ओल्या मातीचे वजन ५०० किलोच्या घरात जाते. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी धरायचा वापराचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणून सलग वाफे नकोत. जड कुंड्या तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. इमारत जुनी असेल किंवा गळत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. प्रत्येक कुंडीखाली विटा किंवा स्टँड असू द्या. भोक मोकळे राहते आणि खालची फरशी वाळते.

कुंडी काठापासून दोन बोटे रिकामी ठेवून भरा, माती दाबू नका. दोनदा भरपूर पाणी देऊन आठवडाभर तशीच राहू द्या. मिश्रण खाली बसले की वरून थोडी भर घाला. तोवर पुढचा भाग हाती येईल; त्यात बियाणे आणि रोपे पाहू.