ओव्हन नसला तरी चालेल, घड्याळ मात्र हवे

परवा कळंबहून तपासणीला आलेल्या एका बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवले. त्यावर फळांच्या थंड पुडिंगचे रंगीत चित्र होते. काचेच्या पेल्यात खाली केकचा थर, मध्ये सायीचा, वर फळे. "बाई, सुनेच्या डोहाळजेवणाला हे करायचं मनात आहे. पण केक भाजायला आमच्याकडं ओव्हन कुठला? आन् मला ही शुगर. मी वाटीभर खाल्लं तर चालंल का?"

ओव्हनची गरज नाही, आणि बेताने खाल्ले तर चालेल, असे मी त्यांना सांगितले. पण त्यांनी न विचारलेला तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. हा पदार्थ तयार झाल्यापासून पाहुण्यांच्या हातात पडेपर्यंत कुठे आणि किती वेळ राहणार? हे मी वैद्यकीच्या पुस्तकात वाचले होतेच. खरे शिकले ते माझ्याच घरी, आणि ते सांगायला आजही लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात नातीचा वाढदिवस होता. सकाळी दहा वाजता मी पातेलेभर कस्टर्ड केले. (कस्टर्ड पावडरमध्ये अंडे असते का, असे पुष्कळजणी विचारतात. मुळात हे रंग आणि वास घातलेले मक्याचे पीठ. इंग्लंडात १८३७ साली आल्फ्रेड बर्ड यांनी ते तयार केले, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे.) आंबे चिरताना बोट कापले. त्यावर चिंधी गुंडाळून मी तशीच चिरत राहिले. फ्रीज सरबताच्या बाटल्यांनी भरलेला, म्हणून पातेले ओट्यावरच झाकून ठेवले. दुपारी वीज गेली, पंखे बंद, स्वयंपाकघराची भट्टी झाली. संध्याकाळी साडेपाचला मुलांनी वाट्या पुसून खाल्ल्या. वासात किंवा चवीत काही म्हणता काही बदल नव्हता.

रात्री नऊच्या सुमारास पहिला फोन आला. मग दुसरा, तिसरा. लेकरांना उलट्या सुरू झाल्या होत्या. शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाला तर पहाटे सलाईन लावावे लागले. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तपासायला नमुना उरला नव्हता, म्हणून ठामपणे सांगता येत नाही. पण खाल्ल्यापासून तीन-चार तासांत एकदम उलट्या, ताप फारसा नाही, आणि करणाऱ्याच्या हाताला जखम, हे चित्र स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचे असते. तो आपल्या नाकात, कातडीवर आणि जखमेत राहतो. अन्नात वाढताना तो एक विष सोडतो आणि हे विष नंतर उकळले तरी सहसा नष्ट होत नाही. "पुन्हा एक उकळी आणली की झाले" हा आपला घरगुती उपाय इथे हरतो.

दूध तर उकळले होते, मग जंतू आला कुठून, असे तुम्ही विचाराल. उकळल्यानंतर माझ्या हातून, सुरीवरून, फळांबरोबर आला. भाजून किंवा तळून लगेच वाढलेल्या पदार्थाला शेवटची आच मिळते. थंड पुडिंगला ती नाही. त्यात गेलेला जंतू तसाच पोटात जातो. अनुकूल उष्णतेत साधारण वीस मिनिटांना त्याची संख्या दुप्पट होते, म्हणजे एकाचे तीन तासांत ५१२. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंत ही वाढ चालू राहते. आपल्या जिल्ह्यातला उन्हाळा यात मधोमध बसतो. म्हणून नियम असा, की दुधाचा थंड पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. धाराशिवच्या मे महिन्यात एकच तास समजा.

त्या दिवसापासून मी कस्टर्ड सोडले आणि चक्का धरला. चक्का आंबट असतो आणि आंबटात हे जंतू सहज वाढत नाहीत. अजिबात वाढत नाहीत असे नाही, पण साध्या दुधापेक्षा तो पुष्कळ सुरक्षित. शिवाय घरात दूध असले की विकत काही आणावे लागत नाही.

एक लिटर म्हशीचे दूध चांगले उकळून, कोमट करून विरजावे. कच्चे दूध कशासाठीही वापरू नका, शेळीचे असले तरी. दही लागले की स्वच्छ धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या फडक्यात बांधावे. पूर्वी ते खुंटीला टांगत. उन्हाळ्यात तसे केले तर सकाळपर्यंत नाकाला झोंबेल इतके आंबते. त्यापेक्षा गाठोडे चाळणीत ठेवून, चाळणी पातेल्यावर ठेवून, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम चक्का मिळतो. त्यात सहा लहान चमचे साखर आणि वेलदोड्याची पूड घालून डावाने घोटावे. सहा वाट्यांना तेवढा पुरतो.

केकच्या जागी राजगिऱ्याचे लाडू चुरून घाला. तीन-चार लाडू पुरतात. चव खमंग येते, आणि उपवासाला चालते हा वरचा फायदा. ग्लुकोजची बिस्किटे चालतात, पण ती लवकर भिजून लगदा होतात. पेल्यात किंवा वाटीत खाली चुरा, त्यावर चक्का, त्यावर फळे, पुन्हा चक्का आणि शेवटी डाळिंबाचे दाणे. दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवले की चुरा थोडा ओलावतो आणि थर धरतात.

फळे मात्र विचार करून निवडावीत. द्राक्षे आपल्याकडे मुबलक. ती घडासकट नव्हे, तर सुटी करून, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. लहान मुलांसाठी प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. अख्खे द्राक्ष घशात अडकते, हा पोकळ धाक नाही. फळ आधी धुवावे, मग चिरावे. उलट केले तर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. केळे अगदी शेवटी चिरून लिंबाचा थेंब लावावा, नाहीतर काळे पडते. कच्चा अननस आणि पपई यांतला पाचक रस दुधातली प्रथिने तोडतो आणि तासाभरात चक्का कडू लागतो. अननस घालायचाच तर साखरेत पाच-सात मिनिटे शिजवून, गार करून घाला. पपईचा प्रश्न नाही, डोहाळजेवणात ती कोणी येऊच देणार नाही. बोटाला जखम असेल तर चिरण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या.

दूध आणि आंबट फळे एकत्र खाणे आयुर्वेदाने विरुद्ध आहार मानले आहे, असे काही वाचक लिहितील. ज्यांना ते पाळायचे त्यांनी जरूर पाळावे, गोड फळेच घ्यावीत. माझ्या दवाखान्यात लोक येतात ते मिश्रणामुळे नव्हे, तर शिळेपणामुळे.

आता साखर. श्रीखंडाला आपण जेवढा चक्का तेवढी साखर घालतो. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम चक्क्याच्या सहा वाट्या केल्या, तर एका वाटीत जवळपास साठ ग्रॅम साखर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली चांगली मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे चहासकट सगळी मिळून सहा चमचे. वर सांगितलेल्या मापात वाटीला घातलेली साखर पाच ग्रॅमच्या आसपास आणि लाडवातला गूळ थोडा. तरीही मधुमेह असलेल्यांनी फळांतली साखर विसरू नये. द्राक्षे, आंबा, केळे ही तिन्ही एका वाटीत नकोत. अर्धी वाटी, डाळिंबाची, आणि त्या जेवणातला भात किंवा एक पोळी कमी करून.

फ्रीज ठासून भरू नका, गार हवा फिरायला जागा हवी. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद दाराआड गारवा साधारण चार तास टिकतो. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी अख्खी फळे ओल्या फडक्यात गार करावीत आणि थर लावून लगेच खावेत. आपल्या कोरड्या हवेत माठ आणि ओले फडके छान गारवा देतात, पण दूध टिकवण्याइतका नाही. बर्फ पातेल्याच्या बाहेरून लावा, आत घालू नका. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ साली आला. तसा बर्फ दिसला तर तो अन्नाला लागूही देऊ नका.

एवढे करूनही कोणाला उलट्या-जुलाब झालेच, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले, किंवा बाई गरोदर असेल, तर घरी वाट पाहू नका. गरोदरपणात अन्नातला संसर्ग पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच कळंबच्या बाईंना मी निक्षून सांगितले होते की सुनेची वाटी फ्रीजमधून सर्वांत शेवटी काढायची आणि तिने ती लगेच खायची. उरलेले दुसऱ्या दिवशी तिला द्यायचे नाही.

त्या बाई मागच्या सोमवारी पुन्हा आल्या. वीस पेले केले होते, सगळे संपले. सासूबाई खाऊन म्हणाल्या, "हे तर आपलं श्रीखंडच की गं, नुस्तं पेल्यात घातलंय." नणंद उन्हातून दोन तास उशिरा आली. तिच्या नावाचा पेला एव्हाना ओट्यावर तसाच राहिला होता, तो बाईंनी तिच्या देखत ओतून टाकला. नणंद अजून बोलत नाही म्हणे.