मॉडर नदीचें पाणी

१८९९ सालच्या ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांशीं इंग्रजांचें युद्ध जुंपलें, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस कॅनडांतील क्वेबेक बंदरांतून ‘सार्डिनियन’ ही आगबोट सुमारें १,००० स्वयंसेवक सैनिक घेऊन निघाली. कोणी कारकून, कोणी कारागीर. करार फार तर एक वर्षाचा. परक्या साम्राज्याच्या लढाईंत आपलीं मुलें कां धाडावीं, हा प्रश्न तेथेंही निघाला होता. आंरी बुरासा यांनीं तर निषेधार्थ पार्लमेंटांतील जागा सोडली. आम्हांस त्यांचें म्हणणें रास्त वाटतें. पण बोटीवर चढणाऱ्या पोरांस तें कोण सांगणार?

१८ फेब्रुवारी १९०० रोजीं पार्डेबर्ग येथें एका दिवसांत ब्रिटिश सैन्याचे हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. पुढें वेढा पडला. बोअरांच्या तळांतील मेलेलीं घोडीं व बैल मॉडर नदींतून फुगून वाहत येत, आणि खालच्या अंगास तहानलेले शिपाई तेंच पाणी पीत. ‘मॉडर’ म्हणजे चिखल. पाणी उकळावें हें ठाऊक नव्हतें असें नव्हे. पण सरपण कोठलें आणि धीर कोठला! २७ तारखेस सेनापति क्रोन्ये सुमारें ४,००० लोकांसह शरण आला. विजयाच्या तारा जगभर गेल्या.

विषमज्वर मात्र अंगांत शिरल्यावर एकदोन आठवडे दबा धरून बसतो. १३ मार्च रोजीं सैन्य ब्लूमफाँटेनांत पोंचलें, तेव्हां तो उठला. त्यांत ३१ तारखेस बोअरांनीं शहराचा पाणीपुरवठाच तोडला. शेरलॉक होम्सचे जनक डॉ. कॉनन डॉइल तेथें क्रिकेटच्या मैदानावरील इस्पितळांत रोग्यांमागें राबत होते. लस निघाली होती, परंतु ती ऐच्छिक. फारच थोड्यांनीं टोंचून घेतली. हाफकिन यांची प्लेगची लस घेतांना आपल्याकडे झालेली कुरकुर ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांस याचें नवल वाटूं नये.

त्या युद्धांत ब्रिटिश बाजूचे सुमारें २२,००० लोक गेले. गोळीनें गेले त्यांहून रोगानें गेले ते अधिक. बोअरांचीं २५,०००हून अधिक बायकामुलें तर इंग्रजांच्या छावण्यांत मेलीं, आणि काळ्या रहिवाशांच्या छावण्यांतही हजारों.

असो. वर्ष भरत आलें तेव्हां कॅनडाच्या त्या तुकडीस आणखी कांहीं काळ राहण्याविषयीं विचारण्यांत आलें. बहुतेकांनीं नकार दिला, आणि उरलीसुरली प्रकृति घेऊन घरची बोट धरली.