उष्टावणानंतरची पहिली वाटी: मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व

6 महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतर वरचं खाणं सुरू. माझी पहिली पसंती नेहमी घरच्या नाचणीला! 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तांदूळ-गहू जवळपासही येत नाहीत.

पण मोड आणायचा कंटाळा करू नका, खरी गंमत तिथेच आहे. नाचणी रात्रभर भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. दीड-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसतील. सावलीत खडखडीत वाळवून मंद आचेवर हलकी भाजा, दळा आणि वस्त्रगाळ करा. मोड येताना दाण्यातलं स्टार्च फुटू लागतं आणि फायटेट कमी होतं, त्यामुळे लोह शरीराला जास्त मिळतं.

चमचाभर सत्त्व आधी गार पाण्यात कालवा, मग गॅसवर ठेवून सतत ढवळत शिजवा. वरून थेंबभर साजूक तूप. मीठ-साखर अजिबात नको. पेज चमच्यावरून पाण्यासारखी ओघळू नये. पातळ पेजेने इवलंसं पोट भरतं, पण पोषण कमी पडतं.

सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे. नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस बघून मग पुढचा. मुगाच्या डाळीचं पाणी नको, घोटलेली डाळच द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती: वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.